हाताला कापलं, ते सांगायचं कुणाला?

"ताई, मी शवविच्छेदन विभागात तंत्रसहायक आहे. घटनास्थळावरून आलेला मुद्देमाल नोंदवून पॅक करायचं कामही माझ्याकडेच असतं. तीन आठवड्यांपूर्वी एका अनोळखी माणसाचं पोस्टमॉर्टेम चालू असताना ट्रेमध्ये गॉजखाली राहिलेल्या उघड्या ब्लेडचं टोक हातमोज्यातून बोटात घुसलं. थेंबभरच रक्त आलं. नळाखाली बोट धरलं, नवा मोजा चढवला आणि काम पुढे चालू ठेवलं. कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. आमचे वरिष्ठ म्हणतात, 'आम्ही आयुष्यभर साध्या मास्कवर काम केलं, काही झालं नाही.' जास्तीचे मोजे मागितले की सगळे हसतात. हिपॅटायटिस बी च्या लशीचे दोन डोस झालेत, तिसरा राहून गेला. आता झोप लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला जवळ घ्यायलाही भीती वाटते. नोकरी सोडून देऊ का?"

उत्तर :

तुझ्या शेवटच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण तिचं उत्तर लगेच देता येतं. मुलाला जवळ घे. आजच घे. कुशीत झोपव, एका ताटात जेवा, गालाचा पापा घे. त्या दिवशी तुझ्या बोटात काही शिरलं असेलच असं नाही. पण शिरलं असलं तरी एचआयव्ही किंवा रक्तातून पसरणारी कावीळ (हिपॅटायटिस बी, सी) अशी मिठीतून, ताटातून जात नाही. रिपोर्ट हाती येईपर्यंत एवढंच पाळ : टूथब्रश, नेलकटर, रेझर तुझं तू वेगळं ठेव, कुठे कापलं-खरचटलं तर पट्टीने झाक, रक्तदान करू नकोस आणि नवऱ्याशी संबंध आला तर निरोध वापरा. म्हणजे नवऱ्याला सांगावं लागणार. सांग. तीन आठवडे हे ओझं एकटीने वाहिलंस, तेवढं पुरे झालं.

आता बोटाचं. तुला अंधारात ठेवणार नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी जी औषधं देतात ती टोचल्यावर काही तासांत, फार तर 72 तासांत सुरू करायची असतात आणि 28 दिवस घ्यायची असतात. ती वेळ गेली. हिपॅटायटिस बी साठीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन, शक्यतो 24 तासांत आणि उशिरात उशिरा सात दिवसांत द्यायचं असतं, तेही हुकलं. पण अजून पुष्कळ गोष्टी हातात आहेत आणि त्या उद्याच करायच्या आहेत.

उद्या डॉक्टरांकडे जाऊन तारखेसकट सगळं सांग. तीन गोष्टींसाठी रक्त तपासायला दे : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. सी साठी तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान विषाणूच्या आरएनएची (त्याच्या जनुकीय द्रव्याची) तपासणी करतात, तू नेमकी त्या वेळेत आहेस. एचआयव्हीची तपासणी घटनेपासून सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन-चार महिन्यांनी करायची. हिपॅटायटिसचं शेवटचं रक्त साधारण सहा महिन्यांनी. मधल्या काळात ताप, अंगावर पुरळ, गळ्याला गाठी, डोळे पिवळे किंवा लघवी गडद असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं.

राहिलेला तिसरा डोस डॉक्टरांना विचारून आता घेऊन टाक. मध्ये कितीही महिने गेले असले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे मुद्दाम सांगते. 'आता उशीर झाला' म्हणून तिसरा डोस सोडून दिलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. आणि इथे थांबू नकोस. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी मोजून घे. ती रिपोर्टवर 10 (mIU/mL या एककात) किंवा त्याहून जास्त आली म्हणजे लस लागू पडली. थोड्या लोकांत ती लागू पडत नाही आणि त्यांना पुन्हा डोस द्यावे लागतात. मोजल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

धोका किती, हेही ऐकून ठेव. रात्री डोक्यात जे आकडे फिरतात ते खऱ्या आकड्यांपेक्षा मोठे असतात. संसर्ग असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या 100 जणांपैकी 6 ते 30 जणांना हिपॅटायटिस बी होतो. सी चं प्रमाण शंभरात दोनहूनही कमी. एचआयव्हीचं हजारात साधारण तीन. हे आकडे पोकळ सुईचे आहेत, जिच्या आत रक्त साठून राहतं. ब्लेडच्या पात्यावर त्याहून कमी रक्त असतं आणि मोज्यातून आत जाताना त्यातलं काही पुसलंही जातं. शिवाय त्या माणसाला यातलं काही होतं की नाही हेच आपल्याला ठाऊक नाही.

मात्र 'माणूस मेला की विषाणूही मरतो' असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. थंडीत ठेवलेल्या मृतदेहांत मृत्यूनंतर कित्येक दिवसांनी जिवंत एचआयव्ही सापडलेला आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. मुद्देमालाच्या टेबलावर येणारे ते तपकिरी डाग पडलेले कपडे तुला वाळलेले म्हणून निर्धोक वाटत असतील, तर तसं समजू नकोस.

हे सगळं त्या दिवशीच करता आलं असतं, तू बोलली असतीस तर. यात तुला दोष देत नाही. जिथे मोजे मागितले तर हसतात, तिथे 'मला कापलं' हे कोण सांगणार? म्हणूनच मला तुझ्या बोटापेक्षा तुझ्या विभागाची जास्त काळजी वाटते आहे. या कामातली सगळ्यात मोठी सुरक्षा कपाटातल्या सामानात नसते. कापल्याबरोबर हात वर करून सगळ्यांदेखत सांगता येतं का, यात असते. मोजा फाटतो, मास्क ढिला बसतो. त्यानंतर माणूस बोलला, तर औषध, लस, मृताच्या रक्ताची तपासणी, सगळं पुढे सुरू होतं.

मृताच्या रक्ताचं आत्ताही विचार. विषबाधेच्या तपासणीसाठी घेतलेले नमुने काही काळ जपून ठेवलेले असतात. त्यातून संसर्गाची तपासणी करता येईल का आणि तुमच्याकडच्या नियमांत त्याला कुणाची परवानगी लागते, हे विभागप्रमुखांना विचारता येईल. मृत्यूनंतरच्या रक्तावर चाचण्या नेहमीइतक्या खात्रीच्या नसतात, तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तुझ्या तपासण्या सोडायच्या नाहीत. पण पॉझिटिव्ह आला तर तुझ्या डॉक्टरांना नेमकं काय शोधायचं ते कळेल.

तुझ्या वरिष्ठांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. 1847 साली व्हिएन्नात याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक शवविच्छेदन करत असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम किरकोळ. त्यात विष भिनून काही दिवसांत ते गेले. त्यांचे मित्र, प्रसूती विभागातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात जे दिसायचं तेच इथेही आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथून पुढे हात धुण्याची गोष्ट सुरू झाली, ती सगळ्यांना माहीत असते. आपल्यासारख्यांनी मात्र ती थोडी आधीपासून वाचायला हवी. कोलेच्कांना कापलं ते दुसऱ्याच्या हातातल्या सुरीने.

आजही अशा जखमा होतात : दुसऱ्याच्या पात्याने, नाहीतर तुला झालं तसं, कुणीतरी ठेवून विसरलेल्या पात्याने. म्हणून पहिला नियम असा की एका देहावर एका वेळी एकाच्याच हातात धार. दुसऱ्याने तेव्हा धरायचं, लिहायचं किंवा मागे सरायचं. सुरी हातातून हातात द्यायची नाही. ट्रेमध्ये ठेवायची, 'ठेवली' म्हणून बोलायचं, मग दुसऱ्याने उचलायची. ट्रेचा एक कोपरा धारेच्या वस्तूंसाठी ठरवायचा आणि त्या कोपऱ्यावर गॉज, कापूस, काहीही टाकायचं नाही. ब्लेड काढायचं ते चिमट्याने, बोटांनी नाही. सुईवर टोपण परत बसवायचं नाही. टाकायचा डबा कडक भिंतींचा हवा, हात पोचेल इतक्या जवळ हवा आणि तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. यातल्या डब्याला तेवढा खर्च आहे, बाकीच्या गोष्टी उद्या सकाळपासून सुरू होऊ शकतात.

धार फक्त आपल्या हत्यारांनाच असते असंही नाही. मोडलेल्या बरगडीचं टोक मोजा सहज फाडतं, त्यावर जाड टॉवेल टाकून मगच आत हात घालायचा. गोळीबाराच्या केसमध्ये गोळी बोटाने चाचपून शोधायची नाही : काही गोळ्यांचं वेष्टण आत फाटून पाकळ्यांसारखं उलगडतं आणि त्या पाकळ्या वस्तऱ्यासारख्या कापतात. आधी एक्स-रे, मग चिमटा, तोही टोकांना रबर लावलेला, म्हणजे गोळीवरच्या खुणाही शाबूत राहतात. मृताच्या खिशात तर कधीच हात घालू नकोस. कपडा मोठ्या कागदावर पसरून खिसा बाहेरून बघ, चिमट्याने उलटा कर, उजेड धर. खिशात सुई निघते, ब्लेड निघतं.

मोज्यांचं म्हणशील, तर दोन जोड घाल आणि मध्ये कापरोधक जाळीचा मोजा, निदान ज्या हाताने तू धरतेस त्या हातात. ही जाळी पात्याची धार अडवते, सुईचं टोक अडवत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर बेफिकीर व्हायचं नाही. बाहेरचा मोजा अधूनमधून बदल. मोजे काढल्यावर साबणाने हात धू, कारण दिसणार नाही इतकं बारीक छिद्र पडलेलं असू शकतं.

आणि मोबाइल! मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. रक्ताळलेल्या मोज्याने फोन उचलायचा, फोटो काढायचा, मोजे काढल्यावर तोच फोन गालाला लावायचा आणि घरी नेऊन मुलाच्या हातात द्यायचा. मुलाला जवळ घेताना तू घाबरतेस, पण फोनचा विचार केला होतास का? फोन त्या खोलीत नेऊच नकोस. फोटो काढणारा माणूस वेगळा, त्याचे हात स्वच्छ, कॅमेरा विभागाचा. पेन, रजिस्टर, दाराची कडी, संगणकाचा कीबोर्ड यांचंही तेच : मोजा घातलेला हात तिथे लागता कामा नये. कामाचे कपडे आणि बूट तिथेच राहू देत, रक्त लागलेलं काही घरी धुवायला आणू नकोस.

आता हवेतलं. तुझे वरिष्ठ ज्या साध्या मास्कचा दाखला देतात तो तोंडावर उडणारे थेंब अडवतो, आणि त्यासाठी तो चांगला आहे, सोबत डोळ्यांवर गॉगल किंवा चेहऱ्यावर शील्ड असेल तर. पण तो कडांना उघडा असतो. कवटी उघडताना विजेच्या करवतीने जी धूळ उडते तिच्यात हाडाबरोबर रक्ताचे आणि ऊतींचे इतके बारीक कण असतात की ते हवेत तरंगत राहतात आणि त्या कडांतून आत येतात. फुफ्फुसं हाताळताना क्षयाचे जंतू असेच उडतात. जिवंतपणी कधी निदानच न झालेला क्षय पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर पहिल्यांदा दिसतो, हे आपल्या कामात नवं नाही. तुझा तो अनोळखी माणूस कुठल्या आजारातून गेला होता, हे कुणी सांगायला आलं होतं का? त्यामुळे 'संशय असेल तर काळजी घेऊ' हे चालत नाही. प्रत्येक देह संसर्ग असलेला आहे असं धरूनच सुरुवात करायची.

त्यासाठी एन-95 मास्क हवा. तो 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण निदान 95 टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची, जोराने श्वास सोडून कडेने हवा निसटते का बघायचं. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हे तुझ्या पुरुष सहकाऱ्यांना सांग. खोलीतली हवा तासाला निदान 12 वेळा बदलली पाहिजे, ती थेट बाहेर गेली पाहिजे, आणि दार उघडल्यावर बाहेरची हवा आत यावी, आतली व्हरांड्यात जाऊ नये. हे काम इंजिनियरचं, त्याला वेळ लागतो. तोवर एवढं करा की करवत चालते तेव्हा ज्याचं काम नाही त्याने खोलीबाहेर थांबायचं, पोलीस असो की विद्यार्थी. करवतीला धूळ ओढणारा पंप नसेल तर कापायची जागा ओल्या कापडाने झाकून घ्या. टेबल धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो सगळं पुन्हा हवेत उडवतो.

(मास्कवर वास मारायला काहीबाही लावतात, त्याने वास कमी लागतो, संरक्षण काही होत नाही. वासातून रोग येत नाही आणि वास नसला म्हणून जंतू नाहीत असंही नाही.)

वाळलेल्या रक्ताचा डाग खरवडून नमुना घेतेस तेव्हाही हेच लक्षात ठेव. पापुद्रे उडतात. ते काम हवा ओढणाऱ्या कपाटात कर, नाहीतर मास्क आणि गॉगल लावून ओल्या स्वॅबने उचल. ओले कपडे वाळवून कागदी पिशवीत घालतात ते पुराव्यासाठी, तुला माहीतच आहे. आणि हा मुद्दा वरिष्ठांपुढे मांडायला उपयोगी पडेल : मास्क न लावता मुद्देमालावर बोललं तर बोलणाऱ्याचा डीएनए त्यावर पडतो, एकाच मोज्याने दोन वस्तू हाताळल्या तर एकीवरचं दुसरीवर जातं. न्यायालयात असा पुरावा टिकेलच असं नाही. तुझ्या जिवासाठी मागितलेल्या मोज्यांवर जे हसतात, ते पुराव्यासाठी मागितलेल्या मोज्यांवर सहसा हसत नाहीत. तुझा जीव हे कारण खरं तर पुरेसं आहे, पण मोजे मिळाले पाहिजेत, कुठल्याही कारणाने मिळोत.

रक्त सांडलं तर आधी टिपून घ्यायचं, मग ब्लीच. घरगुती ब्लीच सुमारे पाच टक्क्यांचं असतं, त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून 10 मिनिटं जागेवर राहू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. मिश्रण रोज ताजं करायचं. ॲसिड, अमोनिया किंवा फॉर्मेलिन (नमुने टिकवायचं द्रावण) यांच्याबरोबर ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. झपाट्याने स्मृतिभ्रंश होऊन गेलेल्या माणसाची केस आली तर मात्र हात लावण्याआधी थांबा आणि वरिष्ठ डॉक्टरांना विचारा. प्रायॉनमुळे (बिघडलेल्या, संसर्ग पसरवणाऱ्या प्रथिनामुळे) होणारा मेंदूचा आजार असेल तर फॉर्मेलिन आणि हे पातळ ब्लीच, दोन्ही त्याच्यापुढे कुचकामी आहेत.

'काही झालं नाही' असं तुझे वरिष्ठ म्हणतात. त्यांनी कधी तपासून पाहिलंय का? हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं यकृतात गप्प बसून राहतात. क्षयाचे जंतू शरीरात निजलेले असले तर खोकलासुद्धा येत नाही. त्यांना हे आदराने विचार आणि तुझ्याबरोबर रक्त द्यायला चला म्हण. मी हे त्यांच्या काळजीपोटी लिहिते आहे.

तितकीच काळजी तुझ्या पत्रात नसलेल्या एका माणसाची वाटते. तुम्ही गेल्यावर खोली धुणारा, कपड्यांचा गठ्ठा उचलणारा, कचऱ्याची पिशवी खांद्यावर टाकणारा. गॉजखालचं ते ब्लेड तुला लागलं नसतं तर त्याला लागलं असतं. त्याला लस कुणी दिली आहे का? जाड मोजे, बूट? कापलं तर कुठे जायचं हे त्याला सांगितलंय का? मागण्या लिहायला बसाल तेव्हा त्याचं नाव पहिलं घाला.

पुन्हा कधी कापलं तर काय करायचं ते भिंतीवर लावून ठेवा. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायची. पिळायची नाही, चोखायची नाही, तिच्यावर ब्लीच ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं. हातातलं काम जिथे असेल तिथे सोडायचं, कारण मृताला घाई नाही. त्याच तासात डॉक्टरांकडे. खाली त्या डॉक्टरांचा फोन नंबर, रात्रीचासुद्धा.

नोकरी सोडू नकोस, आत्ता तरी. तुझ्यासारखी नीट बघणारी माणसं या कामात हवी आहेत. अनोळखी मृताच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं. पण मागणी करूनही लस, कडक डबा, मास्क आणि जखमेची नोंद यांतलं काही मिळणारच नसेल, तर दुसरीकडे काम शोध आणि त्याची लाज वाटू देऊ नकोस.

डॉक्टरांकडून आल्यावर घटनेची लेखी नोंद कर. तारीख खरी घाल, आजची नको. वेळ, केसचा क्रमांक, कोणतं हत्यार, जखम किती खोल, हातात काय घातलं होतं, खोलीत कोण होतं, नंतर काय केलंस आणि लशीचे किती डोस झाले होते, सगळं लिही. पुढे उपचाराचा खर्च किंवा भरपाई मागायची वेळ आली तर हाच कागद लागेल. एक प्रत विभागप्रमुखांना देऊन पोच घे, एक घरी ठेव. उशीर झाला म्हणून घेत नाही, असं कुणी म्हणालं तर तो नकारही लेखी माग.